वय माहीत नसेल तर?

पोटात अचानक कळ आली म्हणून माणूस रुग्णालयात येतो, तेव्हा सर्जनला आधी एकच ठरवायचं असतं. आत्ता पोट उघडायचं, की थांबून बघायचं? अपेंडिक्स सुजलेलं असेल आणि थांबलो, तर ते फुटतं. सुजलेलं नसेल आणि उघडलं, तर बिनकामाचे टाके पडतात. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात द डोम्बाल नावाच्या सर्जननी १९७०च्या सुमारास हा पेच गणिताकडे सोपवून पाहिला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या रुग्णांच्या नोंदी उकरून आकडे काढले: अपेंडिक्सच्या किती रुग्णांना उजवीकडे खाली दुखतं, पित्ताशयाच्या किती जणांना, आतडं अडकलेल्या किती जणांना. नव्या रुग्णाची लक्षणं भरली की संगणक संभाव्यतेच्या बेझच्या सूत्राने सात निदानांपैकी प्रत्येकाची शक्यता सांगे. १९७२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निकाल छापून आला. ३०४ रुग्णांत संगणकाचं निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर निघालं होतं, आणि त्याच रुग्णांना पाहणाऱ्या सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचं ७९.६ टक्के वेळा.

हे दोन आकडे तेव्हापासून भाषणांतून फिरत आहेत. त्यामागची खटपट फारशी कोणी सांगत नाही. संगणकाला हात लावण्याआधी लीड्सच्या डॉक्टरांना एका फॉर्मवर एकमत करावं लागलं. दुखणं ‘उजवीकडे खाली’ म्हणजे कुठून कुठपर्यंत? पोट ‘कडक’ आहे असं कधी लिहायचं? रुग्ण घाबरून अंग आखडतो तेव्हाही? हीच प्रणाली कोपनहेगनला नेली तेव्हा तिची अचूकता बरीच घसरली. पुढे ब्रिटनमधल्या आठ रुग्णालयांत साडेसोळा हजारांहून जास्त रुग्णांवर हा प्रयोग झाला. १९८६च्या त्या अहवालात डॉक्टरांच्या पहिल्या निदानाची अचूकता ४५.६ टक्क्यांवरून ६५.३ वर गेली आणि विनाकारण पोट उघडण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. गंमत म्हणजे त्या सुधारणेतला चांगला वाटा नुसत्या फॉर्मचा होता. नेटके प्रश्न छापून हातात दिले की डॉक्टर नीट विचारतात आणि नीट तपासतात, मग संगणक बंद का असेना.

रुग्णासमोर बसलेल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना त्या क्षणी सल्ला, इशारा किंवा आठवण देणाऱ्या अशा सॉफ्टवेअरला आपण निर्णय-साहाय्य प्रणाली म्हणू. औषध लिहिताना ‘या रुग्णाला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे’ असा लाल चौकोन स्क्रीनवर उमटतो, ती तिची सर्वांत साधी जात. अशा प्रणालींबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. हे प्रकरण त्याच्या एक पायरी मागचं आहे. ही सॉफ्टवेअर बनवायची कोणी? डॉक्टरांना कोड लिहिता येत नाही, प्रोग्रॅमरला वैद्यक कळत नाही, आणि दोघांमध्ये बैठकांचा डोंगर उभा राहतो. म्हणून गेली पन्नास वर्षं काही लोक एकाच गोष्टीच्या मागे लागले आहेत: डॉक्टरांनी ज्ञान सांगावं आणि सॉफ्टवेअर आपोआप तयार व्हावं. माझं मत आधीच सांगून टाकतो. कोड आपोआप लिहिण्याचा प्रश्न एकदा नव्हे, अनेकदा सुटला आहे. दर वेळी काम मात्र संपलं नाही. ते सरकून अशा जागी जाऊन बसलं, जिथे कोणीतरी माणसानेच ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावं लागतं.

स्टॅनफर्डमध्ये १९७०च्या दशकात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी ‘मायसिन’ ही प्रणाली बांधली. रक्तातला किंवा मेंदूच्या आवरणातला जंतुसंसर्ग ओळखायचा आणि प्रतिजैविक सुचवायचं, हे तिचं काम. तिच्यात पाचशेच्या आसपास नियम होते. त्यातला एक नमुन्यादाखल: जीवाणू ग्रॅम-निगेटिव्ह असेल, आकाराने दांड्यासारखा असेल आणि ऑक्सिजनशिवाय वाढत असेल, तर तो बॅक्टेरॉइडिस असल्याला ०.६ इतका पुरावा आहे. १९७९ साली मेंदूज्वराच्या १० रुग्णांवर तज्ज्ञांकडून नावं झाकून परीक्षा घेतली गेली. मायसिनच्या सल्ल्याला ६५ टक्के पसंती मिळाली. स्टॅनफर्डच्याच प्राध्यापकांपैकी सर्वांत वरच्याला ६२.५. तरीही मायसिन वॉर्डात कधी वापरली गेली नाही. प्रत्येक रुग्णामागे प्रश्नांची भलीमोठी यादी टाइप करत बसायला कोणाला वेळ होता?

पण मायसिनच्या पोटात एक गोष्ट दडलेली होती. नियम चालवणारं इंजिन आणि नियम हे दोन वेगळे भाग होते. विल्यम व्हॅन मेल यांनी जंतुसंसर्गाचे सगळे नियम काढून टाकले आणि रिकामं इंजिन शिल्लक ठेवलं. त्याचं नाव ‘ई-मायसिन’. मोदकाचा साचा तोच, सारण फक्त बदलायचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅसिफिक मेडिकल सेंटरमध्ये या साच्यात फुप्फुसाच्या चाचण्यांचे नियम भरून ‘पफ’ नावाची प्रणाली झाली. ती मात्र खरोखर रोजच्या कामात आली, कारण तिला कोणी प्रश्नांची उत्तरं द्यायची नव्हती. श्वास मोजणाऱ्या यंत्राचे आकडे थेट आत यायचे आणि अहवालाचा मसुदा बाहेर पडायचा. नवं सॉफ्टवेअर लिहायला नको, नुसते नियम भरा, ही या क्षेत्रातली पहिली मोठी बचत.

अडचण लगेच पुढे आली. नियम भरायचे कोणी? तज्ज्ञाच्या डोक्यातलं ज्ञान बाहेर काढण्याचं काम इतकं रेंगाळे की एडवर्ड फायगेनबॉम यांनी त्यालाच या सगळ्या उद्योगाचा अरुंद गळा ठरवलं. त्याचं उत्तम उदाहरण कर्करोगाच्या उपचारांचं. केमोथेरपीचे ‘प्रोटोकॉल’ म्हणजे कोणतं औषध, कितव्या दिवशी, किती मात्रेत, आणि पांढऱ्या पेशी अमुक इतक्या घसरल्या तर मात्रा किती कमी करायची, याची चाळीस-पन्नास पानी संहिता. हे सगळं लक्षात ठेवून सल्ला देणारी ‘ऑन्कोसिन’ प्रणाली स्टॅनफर्डच्या कर्करोग दवाखान्यात १९८१ पासून वापरात होती. पहिले प्रोटोकॉल तिच्यात भरायला दोनेक वर्षं गेली आणि तज्ज्ञ डॉक्टरांचे शेकडो तास.

यावरचा उपाय आज वाचताना साधा वाटतो, पण तेव्हा तो नवा होता. ‘ओपल’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये कर्करोगतज्ज्ञाने स्क्रीनवर चौकटी जोडून उपचारांचा क्रम काढायचा आणि तक्ते भरायचे: उभ्या ओळीत पांढऱ्या पेशी, आडव्या ओळीत प्लेटलेट, छेदाच्या चौकोनात मात्रेची टक्केवारी. हे तक्ते त्यांच्या ओळखीचे होते. छापील प्रोटोकॉलमध्ये ते तसेच असतात. ओपल त्या तक्त्यांतून ऑन्कोसिनला हवे असलेले नियम स्वतः तयार करी. वर्षांचं काम दिवसांवर आलं. मग मार्क म्युसेन यांनी पुढची उडी मारली. ओपल फक्त कर्करोगापुरता होता. उच्च रक्तदाबासाठी तसाच प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून का लिहायचा? १९८०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी ‘प्रोटेजे’ बांधला. त्याला वैद्यकाच्या एखाद्या शाखेची रचना सांगितली की तो त्या शाखेसाठी ओपलसारखा प्रोग्रॅम तयार करून देई. म्हणजे सॉफ्टवेअर बनवणारं सॉफ्टवेअर बनवणारं सॉफ्टवेअर. (हे वाक्य दोनदा वाचावं लागलं तर दोष वाचकाचा नाही.) प्रोटेजे अजून जिवंत आहे, रूप बदलून. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांची आंतरराष्ट्रीय यादी अकराव्यांदा नव्याने रचली, ती त्याच्याच एका अवतारावर.

१९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या आर्डन होमस्टेड या जागी या क्षेत्रातली मंडळी जमली ती दुसऱ्याच काळजीने. प्रत्येक रुग्णालय तेच नियम आपापल्या भाषेत पुन्हा पुन्हा लिहीत होतं. तेव्हा नियम लिहायची एक सामाईक पद्धत ठरवली गेली आणि तिला त्या जागेचंच नाव पडलं: आर्डन सिंटॅक्स. एक नियम म्हणजे एक सुटं पान. त्यावर लेखकाचं नाव, तारीख, व्हर्जन, नियम कधी जागा व्हावा, अट काय, इशारा काय. एका रुग्णालयाने लिहावं आणि दुसऱ्याने उचलून वापरावं, असा बेत. १९९२ मध्ये हे अमेरिकेत अधिकृत मानक झालं.

बेत फसला तो महिरपी कंसात. ‘रक्तातलं पोटॅशियम ३ पेक्षा कमी असेल तर’ ही अट कुठेही तीच राहते. पण या रुग्णालयाच्या डेटाबेसमध्ये पोटॅशियम कोणत्या नावाखाली, कोणत्या रकान्यात साठवलंय, हे जागोजागी वेगळं. आर्डनच्या रचनाकारांनी तो भाग प्रामाणिकपणे महिरपी कंसात टाकला आणि सांगितलं, कंसातलं ज्याचं त्याने लिहावं. झालं! नियम उचलून आणला तरी कंस भरायला पुन्हा प्रोग्रॅमर हवाच. या दुखण्याला त्या क्षेत्रात ‘महिरपी कंसाचा प्रश्न’ असंच नाव आहे. त्याचा इलाज म्हणजे पोटॅशियमला सगळीकडे एकच सांकेतिक क्रमांक देणं आणि माहिती एकाच ठरलेल्या मांडणीत ठेवणं. त्यासाठी लॉइंक, स्नोमेड सीटी, एफएचआयआर अशी मानकं उभी राहिली. भारतात हे काम पाहणारं राष्ट्रीय केंद्र पुण्यात, सी-डॅकमध्ये आहे. काम कंटाळवाणं आहे, त्यावर कोणी बातमी करत नाही, आणि त्याच्याशिवाय पुढचं काहीच चालत नाही.

आता एक नियम जवळून पाहू. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची लहान मुलांच्या आजारांसाठी एकत्रित मार्गदर्शिका आहे. भारतात तिचं नवजात बाळांसह केलेलं रूप वापरतात. खोकला किंवा श्वासाचा त्रास असलेल्या मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे. वय २ महिने ते १२ महिने असेल तर ५० किंवा जास्त म्हणजे वेगाने श्वास; १२ महिने ते ५ वर्षं असेल तर ४० किंवा जास्त. शिवाय धोक्याची चार लक्षणं पाहायची: मूल पीत नाही, प्यायलेलं सगळं उलटून टाकतं, झटके आले आहेत, सुस्त किंवा बेशुद्ध आहे. इतकं स्पष्ट मार्गदर्शन वैद्यकात क्वचित सापडतं. याचं अ‍ॅप करायचं म्हटलं की बैठक साधारण अशी चालते:

“मॅडम, मूल बरोबर १२ महिन्यांचं असेल तर ५० धरायचे की ४०?”

“४०. १२ महिने पूर्ण झाले की पुढचा गट.”

“आणि वय माहीत नसेल तर?”

“आईला विचारायचं ना.”

“आई म्हणते, गेल्या दिवाळीच्या आसपास झालं.”

“आता दसरा उलटला. म्हणजे अकरा-बारा महिने.”

“मॅडम, अकरा की बारा? श्वास ४५ आहेत.”

इथे मॅडम थांबतात. अकरा महिने धरले तर ४५ श्वास ठीक आहेत आणि मूल खोकल्याचा घरगुती उपाय घेऊन परत जातं. बारा धरले तर तो न्यूमोनिया आणि प्रतिजैविक द्यायचं. छापील पुस्तिका याबद्दल गप्प आहे. माणूस ती वापरतो तेव्हा गप्प बसणं चालून जातं, कारण समोरचं मूल बघून सिस्टर ठरवतात. यंत्राला मात्र काहीतरी एक सांगावंच लागतं. कमी मर्यादा धरा म्हटलं तर प्रतिजैविकं जास्त वाटली जातील. जास्त धरा म्हटलं तर एखादा न्यूमोनिया निसटेल. हा निर्णय वैद्यकीय आहे आणि तो प्रोग्रॅमरच्या टेबलावर येऊन पडलाय. बैठकच झाली नाही तर प्रोग्रॅमर तो स्वतः घेतो, आपण काही निर्णय घेतला हे त्याच्या गावीही नसतं.

दुसरी खोच त्याहून बारीक. स्क्रीनवर ‘झटके आले’ पुढे चौकोन आहे आणि त्यात टिक नाही. म्हणजे झटके आले नाहीत, की विचारलंच नाही? कागदावर रिकामी जागा दिसते तरी. साध्या प्रोग्रॅममध्ये टिक नसलेला चौकोन ‘नाही’ म्हणून आत जातो, आणि गर्दीच्या दिवशी घाईत तपासलेलं मूल सर्व लक्षणांतून सुटतं. म्हणून वैद्यकीय नियमांसाठी आज वापरली जाणारी सीक्यूएल ही भाषा तीन उत्तरं मानते: हो, नाही आणि माहीत नाही. चार लक्षणं, प्रत्येकी तीन उत्तरं, म्हणजे ८१ शक्यता. त्यात वयाचे दोन गट आणि तिसरं ‘माहीत नाही’, श्वासांची तीन उत्तरं, छाती आत ओढली जाते का याची तीन. हे सगळं गुणलं की २,१८७ वेगवेगळी मुलं होतात. इतक्या मुलांसाठी काय सल्ला द्यायचा हे कोणत्याही समितीने बसून तपासलेलं नसतं.

अशाच मर्यादा गडचिरोलीत एका वेगळ्याच साधनात बसवल्या गेल्या होत्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या दायांच्या हाती न्यूमोनियाचं निदान आणि उपचार दिले. बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अहवाल १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दायांसाठी त्यांनी श्वासमापक तयार केला: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला तर न्यूमोनिया. तान्ह्या बाळासाठी वेगळी ओळ, मोठ्या मुलासाठी वेगळी. विजेशिवाय चालणारी निर्णय-साहाय्य प्रणालीच ही, आणि तिच्या रचनाकारांनी वापरणाऱ्याला काय येतं, काय येत नाही, हे आधी पाहिलं होतं.

आपोआप सॉफ्टवेअर बनवण्याचा खरा फायदा या २,१८७ मुलांपाशी दिसतो. डॉक्टरांनी नियम ओळी-रकान्यांच्या तक्त्यात मांडले की यंत्र चार कामं करू शकतं. तक्त्यातून कोड काढतं. प्रश्न विचारणारा स्क्रीन काढतं. कोणत्या शक्यतेला कुठलीच ओळ लागू होत नाही आणि कुठे दोन ओळी भांडतात, हे दाखवतं. आणि परीक्षेसाठी कल्पित रुग्ण तयार करतं, नेमके काठावरचे: ३९ श्वास, ४० श्वास, ४९, ५०, अकरा महिने तीस दिवस, पहिल्या वाढदिवसाचा दिवस. यातलं तिसरं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं, आणि अशा साधनांच्या जाहिरातीत ते सर्वांत खाली असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून याच दिशेने पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिल्या पायरीवर नेहमीची गद्य मार्गदर्शिका. दुसरीवर तिचे तक्ते, कामाचे टप्पे आणि कोणती माहिती नोंदवायची याचा कोश. यात कोड अजिबात नाही, आणि डॉक्टर व प्रोग्रॅमर दोघांनाही तो वाचता यावा असा हिशेब. तिसरीवर यंत्राला वाचता येणारं रूप, चौथीवर चालणारं सॉफ्टवेअर. गरोदरपणातल्या तपासण्यांचा असा संच सर्वांत आधी आलेल्यांपैकी. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने तर ‘मेडॅल-क्रिएटर’ नावाचं साधन बांधलं, ज्यात डॉक्टर स्वतः निर्णयवृक्ष जोडतात आणि तो टॅबलेटवरच्या अ‍ॅपमध्ये जाऊन बसतो. मध्ये प्रोग्रॅमर नाही. टांझानियातल्या ४० आरोग्य केंद्रांवर त्याची चाचणी झाली. नेहमीच्या पद्धतीत आजारी मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांना प्रतिजैविक दिलं जात होतं. अ‍ॅप वापरणाऱ्या केंद्रांत सुमारे २३ टक्क्यांना, आणि त्यामुळे मुलं जास्त आजारी पडली असं झालं नाही.

हा निकाल वाचून हुरळून जायचं कारण नाही. हरियाणा आणि कर्नाटकातल्या ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांत रक्तदाब आणि मधुमेहासाठी ‘एम-वेलकेअर’ नावाची प्रणाली तपासली गेली. सॉफ्टवेअर नीट चाललं. पण वर्षभराने पाहिलं तर सॉफ्टवेअर असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही गटांत रक्तदाब जवळपास सारखाच उतरला होता. दुसऱ्या गटातही कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण आणि उपचारांचे तक्ते दिलेले होते. पुन्हा लीड्सचा फॉर्म!

बनवण्यापेक्षा टिकवणं अवघड, हे बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयातल्या एका गोष्टीने जगाला दाखवलं. अ‍ॅमियोडॅरोन हे हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचं औषध. त्यात आयोडीन भरपूर असतं, म्हणून ते थायरॉइड बिघडवू शकतं. रुग्ण वर्षभर हे औषध घेत असेल आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर प्रणाली डॉक्टरांना आठवण करून देई. २००९ मध्ये रुग्णालयाच्या औषधयादीत अ‍ॅमियोडॅरोनचा अंतर्गत क्रमांक ४० वरून ७०९९ झाला. नियमात ४० च राहिला. कोणी काही चुकीचं लिहिलं नव्हतं. ज्यांना औषध आधीपासून चालू होतं त्यांच्या नोंदीत ४० होता, त्यांचे इशारे येत राहिले. नव्या रुग्णांचे येईनासे झाले. इशारे एकदम बंद पडते तर कोणी ओरडलं असतं. ते वर्षानुवर्षं हळूहळू विरत गेले, आणि त्याच संस्थेतल्या संशोधकाने कोणाला तरी प्रणाली दाखवायला घेतली, तेव्हा यायला हवा तो इशारा आलाच नाही म्हणून भानगड उघडकीस आली. मग त्या मंडळींनी दर महिन्याला किती इशारे उमटले याचे आलेख काढले, तर असे आणखी काही नियम सापडले.

न उमटलेला इशारा कोणाला दिसत नाही. आणि उमटलेले इशारे डॉक्टर पुष्कळदा मानत नाहीत: औषधांच्या इशाऱ्यांपैकी ४९ ते ९६ टक्के बाजूला सारले जातात, असं २००६ मधल्या एका आढाव्यात आढळलं होतं. तेव्हा सॉफ्टवेअर तयार करणारी यंत्रणा तिथेच थांबून चालत नाही. औषधयादी बदलली की तिच्यावर टेकलेला प्रत्येक नियम शोधून त्याचे कल्पित रुग्ण पुन्हा तपासायचे, आणि रोजच्या इशाऱ्यांच्या आलेखावर लक्ष ठेवायचं, हेही तिच्याकडून करून घ्यायला हवं. हे सगळं आजच्या साधनांत जमण्यासारखं आहे. रुग्णालयं त्यासाठी पैसे मोजत नाहीत, कारण न आलेल्या इशाऱ्याचं बिल कोणी लावत नाही.

आता भाषा-मॉडेलं आली आहेत. मार्गदर्शिकेची पानं द्या आणि सीक्यूएलमध्ये कोड मागा, मिनिटभरात मिळतो, आणि तो बहुधा चालतोही. अडचण बैठकीत मॅडम जिथे थांबल्या तिथे येते. मॉडेल थांबत नाही. वय माहीत नसेल तर काय, याचं काहीतरी उत्तर ते निमूटपणे कोडमध्ये लिहून मोकळं होतं, आणि उद्या पुन्हा विचारलं तर कदाचित वेगळं लिहितं. चाचणीचे कल्पित रुग्णही त्याच मॉडेलकडून लिहून घेतले तर ते स्वतःच्याच गैरसमजाची परीक्षा घेतं आणि स्वतःला पैकीच्या पैकी गुण देतं. म्हणून माझ्या मते मॉडेलला कोड लिहायला बसवण्याआधी शंका काढायला बसवावं: या पानांत काय सांगायचं राहिलं आहे याची यादी दे. तक्त्याचा मसुदा त्याने करावा, तक्त्यावर सही डॉक्टरांनी करावी, आणि सही झालेल्या तक्त्यातून कोड मात्र जुन्या, कंटाळवाण्या यंत्राने काढावा, जे त्याच तक्त्यातून दर वेळी तोच कोड देतं.

सहीचा प्रश्न कायद्यातही आहे. भारतात २०२० पासून वैद्यकीय उपयोगाचं सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत येतं. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी यंत्रणा रुग्णाला स्वतः सल्ला देऊ शकत नाही की औषध लिहून देऊ शकत नाही. ती नोंदणीकृत डॉक्टरांना मदत करू शकते.

शेवटी एक बदल पाहू, कारण या प्रणालींचं बरंचसं आयुष्य बदल करण्यात जातं. श्वास घेताना मुलाची छाती खालून आत ओढली जात असेल, तर पूर्वी त्याला ‘तीव्र न्यूमोनिया’ म्हणत आणि रुग्णालयात पाठवत. चाचण्यांतून दिसलं की धोक्याची इतर लक्षणं नसतील तर अशी मुलं घरी तोंडाने अमॉक्सिसिलिन घेऊनही बरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मधल्या दस्तावेजात वर्गीकरण बदललं: छाती आत ओढली जाते तो आता साधा ‘न्यूमोनिया’, पाच दिवस औषध, घरीच. मार्गदर्शिकेत बदल एका ओळीचा. तक्त्यातही एका ओळीचा, आणि यंत्र त्यातून नवा कोड, नवा स्क्रीन, नवे कल्पित रुग्ण झटक्यात काढून देईल. गोळ्यांचा साठा केंद्रावर वाढवावा लागेल, ते यंत्राला ठाऊक नाही. रुग्णालयात पाठवायच्या चिठ्ठ्या कमी होतील आणि तालुक्याला वाटेल की केंद्र काम करत नाही. जुन्या नोंदींमधल्या ‘तीव्र’ मुलांना तसंच राहू द्यायचं की नव्या व्याख्येत बसवायचं, हेही कोणीतरी सांगावं लागेल. ते सांगितलं नाही, तर पुढच्या वार्षिक अहवालात जिल्ह्यातला तीव्र न्यूमोनिया अचानक घसरलेला दिसेल, आणि मुलं मागच्या वर्षीइतकीच आजारी पडलेली असतील.